वसंताची वाट

पाऊस म्हटला की तो ज्येष्ठात यावा आणि भाद्रपदाअखेर निरोप घ्यावा, अशी आम्हां वसईकडच्या माणसांची समजूत असते. नोकरीच्या निमित्ताने उज्जयिनीत बिऱ्हाड केल्यावर आम्हांला कळले, की पावसाला आणखी एक पाळी असते आणि ती भर थंडीत येते. पौष-माघात आभाळ एकाएकी काळवंडते, दोन-तीन दिवस झिमझिम लागते आणि अंगावरची लोकरसुद्धा ओलसर वाटू लागते. माळव्यात याला मावठा म्हणतात. हा पाऊस काही आपल्या नैऋत्येच्या वाऱ्यांचा नव्हे. दूर भूमध्य समुद्राच्या बाजूस उठलेली वादळी हवा इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिंदुस्थानात शिरते, काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडते आणि जाता जाता तिचा पदर कधी कधी या पठारावर लोळतो. आभाळ निवळले म्हणजे सुटका झाली असेही नाही. उलट, मोकळ्या आकाशाखाली उत्तरेचा वारा सुटतो आणि थंडी दुप्पट होते.

प्रिय वाचकहो, अशा दिवसांत वसंताची वाट पाहणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी म्हातारे माणूस आहे त्याला निराळे सांगायला नको. आमच्या आईला दम्याची व्यथा आहे. मावठा लागला की तिचा श्वास अडू लागतो. रात्री ती उशांना टेकून बसून राहते आणि आम्ही पाळीपाळीने तिच्या उशाशी बसतो. औषध चालूच असते, पण ऊन पडू लागल्यावर आराम वाटेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यामुळे आमच्या घरात सर्वांचे डोळे दिनदर्शिकेकडे लागलेले असतात. आई मात्र गमतीने म्हणते, "अरे, पाने उलटल्याने का महिने सरतात? आपल्या वाडीत केळीचा घड असा टोचून पिकला असता, तर मग काय हवे होते!"

त्यातून पंचांग आम्हांला आणखी चाळवते. माघ शुद्ध पंचमीला वसंत पंचमी येते. त्या दिवशी येथे बायाबापड्या पिवळी वस्त्रे नेसतात, देवळांतून पिवळी फुले वाहिली जातात आणि जो तो वसंत आला म्हणून सांगतो. बाहेर पाहावे तो लोक शेकोटीभोवती हात चोळीत उभे! खरा वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा. त्याचे नाव तेवढे चाळीस दिवस आधी येऊन दारात उभे राहते. एकदा अशाच दिवशी मावठ्याची झड लागली होती. आमच्या घरी दूध घालणारा शेतकरी डोक्यावर पोते घेऊन दारात आला. आई त्याला म्हणाली, "कधी एकदा हा गारठा जातो आणि ऊन तापते, असे झाले आहे बघ!" त्याने दूध मापले आणि मग हलकेच म्हटले, "माजी, तुम्हांला बरे वाटो. पण गारठा इतक्यात जाऊ नये, एवढेच आमच्यासाठी मागा. गहू अजून दुधात आहे."

ते शब्द आमच्या मनात घर करून राहिले. आम्ही पुढे त्याच्याकडून आणि इतरांकडून ही गोष्ट नीट समजून घेतली. कार्तिकाच्या सुमारास पेरलेला गहू थंडीत ओंबीवर येतो. ओंबीत आधी दूध भरते, मग त्याचा दाणा घट्ट होतो. या कामाला गार हवेचे बरेच दिवस लागतात. हलका मावठा पडला तर विहिरीचे एक पाणी वाचते. गारा पडल्या तर मात्र उभे पीक लोळते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मध्य प्रदेशात आणि आपल्या महाराष्ट्रातही गारपिटीने केवढा विध्वंस केला, तो पुष्कळांना आठवत असेल. परंतु गारांइतकेच भय अवेळी आलेल्या उन्हाचे असते. दाणा भरत असताना हवा एकदम तापली, तर ओंबी घाईने पिकते आणि आतला दाणा चिमून जातो. २०२२ चा मार्च महिना हा १९०१ पासूनच्या नोंदींत या देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेकडे गव्हाचा उतारा घटला, भाव चढले आणि त्याच वर्षी १३ मे रोजी सरकारला गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. एका महिन्याचे ऊन थोडे लवकर आले, तर त्याची झळ समुद्रापलीकडच्या भाकरीला लागते!

ज्या ऊबेने आमच्या आईचा श्वास मोकळा होणार, तीच ऊब चार दिवस आधी आली तर त्या शेतकऱ्याच्या वर्षाच्या कष्टांचे भूस व्हायचे. मग प्रार्थना तरी कोणती करावी? आईची व्यथाही खोटी नाही आणि त्याच्या ओंबीतले दूधही खोटे नाही.

या नगरीवर ज्याचा फार लोभ होता त्या कालिदासाने आपल्या 'कुमारसंभवा'त अवेळी आलेल्या वसंताची कथा सांगितली आहे. शंकराची समाधी मोडावी म्हणून इंद्राने मदनाला धाडले. त्याच्याबरोबर त्याचा सखा वसंतही गेला आणि ऋतू नसताना तपोवनात फुले फुलली. शेवट काय झाला? मदन जळून राख झाला आणि योजलेले कार्य तसेच राहिले. ते पुढे सिद्धीस गेले पार्वतीच्या तपाने. आणि त्या तपात तिने पावसाच्या झडी अंगावर घेतल्या, पौषाच्या रात्री पाण्यात उभे राहून काढल्या, असे कवी वर्णन करतो. अकाली फुललेल्या रानाने जे साधले नाही, ते थंडीपावसातल्या धीराने साधले.

क्षिप्रेच्या काठी जयपूरच्या सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा आहे. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करविली. तेथे नाडीवलय नावाचे एक यंत्र आहे. त्याला दोन तबकड्या, एक दक्षिणेकडे तोंड केलेली आणि दुसरी उत्तरेकडे. थंडीचे सहा महिने ऊन केवळ दक्षिणेच्या तबकडीवर पडते. उत्तरेची तबकडी सावलीत असते. मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास दिवस-रात्र समान होतात आणि त्यानंतर ऊन उत्तरेच्या तबकडीवर येते. मावठा ओसरल्यावर एका स्वच्छ दिवशी आम्ही ते पाहावयास गेलो, तेव्हा उत्तरेचा दगड हाताला बर्फासारखा लागला. दोन-अडीचशे वर्षांहून अधिक काळ तो दगड दर साली सहा महिने असा गार राहतो आणि एकदाही त्याची पाळी चुकलेली नाही. आपण ईस्टरचा दिवस ठरवतो तोही याच मर्यादेला धरून: २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. आनंदाचा सणही ऋतूची घडी मोडून अलीकडे येत नाही.

यावरून आम्ही एवढेच शिकलो, की सूर्याला घाई करावयास लावणे आपल्या हाती नाही आणि ते हाती नाही हे बरेच आहे. आपल्या हाती घरातली ऊब आहे. आता ढग दाटून आले की आम्ही आईची खाट ओलीच्या भिंतीपासून दूर सरकवितो, तिच्या पायांना गरम पाण्याची पिशवी देतो आणि रात्रभर तिच्याजवळ कोणी ना कोणी जागे असते. एक गोष्ट वाचकांनाही सांगून ठेवतो: कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवून कोणी कधीही निजू नये. तिचा विषारी धूर नाकाला कळत नाही आणि त्याने निजलेले माणूस उठत नाही. शेगडी पेटवलीच तर खिडकी उघडी ठेवावी आणि निजण्यापूर्वी तिला बाहेर काढावे.

वसंताची वाट आम्ही अजूनही पाहतोच. कासावीस होऊन पाहतो. फक्त आईच्या रात्रीच्या प्रार्थनेत एक वाक्य वाढले आहे. आपला श्वास मोकळा व्हावा असे मागून झाल्यावर ती क्षणभर थांबते आणि म्हणते, "पण त्याचा गहू भरू दे आधी."