चढ आधी, कॅसेट नंतर

दिवाळी झाली, पाऊस पुरता ओसरला, की मांडव्याच्या जेट्टीवर सायकली उतरू लागतात. भाऊच्या धक्क्यावरून २०२० मध्ये रो-रो सुरू झाली आणि मुंबईच्या सायकलस्वारांना रायगडचा किनारा जवळ आला. मांडव्याहून अलिबाग, चौल, रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई, काशीद, नांदगाव, मुरूड. पुढे आगरदांड्याहून जंगलजेट्टीने दिघी, मग दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. हा किनारा सायकलवरूनच पाहावा, असं माझं ठाम मत आहे.

या हंगामाच्या तोंडावर वर्कशॉपमध्ये एक प्रश्न हमखास येतो. समोर रोडबाइक असते, पुढे ५०-३४ची क्रँक, मागे ११-२८ची कॅसेट. विचारणारा म्हणतो, "मुरूडला जायचंय. मागे अठ्ठावीस पुरेल ना?" मी सांगतो, मुरूडपर्यंत बत्तीस लावा, दिघीच्या पुढे जाणार असाल तर चौतीस. अनेकांना हे उत्तर आवडत नाही. एवढी मोठी कॅसेट आपल्यासाठी नाही, असं त्यांना वाटतं. म्हणून ते उत्तर कुठून येतं, ते इथे सविस्तर मांडतो.

पहिली गोष्ट रस्त्याची. किनाऱ्याचा रस्ता सपाट असणार, असं नकाशा पाहून वाटतं. पण कोकणात डोंगराच्या सोंडा थेट पाण्यापर्यंत आलेल्या आहेत. दोन सोंडांच्या मधल्या खोलगट जागेत पुळण, माडाच्या वाड्या आणि गाव. पुढच्या गावाला जायचं तर सोंड ओलांडायची. चढ, उतार, गाव, की पुन्हा चढ. काशीद ते मुरूडच्या पट्ट्यात याची चुणूक मिळते. दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाताना समुद्र सतत उजव्या हाताला असतो आणि रस्ता मात्र क्वचितच सपाट असतो. दिघीला तर होडीत बसून पाय गार पडलेले असतात आणि जेट्टी सोडली की थोड्याच वेळात चढ अंगावर येतो.

सह्याद्रीच्या मोठ्या घाटांची जात वेगळी. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. ओझं लादलेली बैलगाडी चढली पाहिजे, या हिशेबाने तो आखलेला होता. आजच्या महामार्गांनाही इंडियन रोड्स काँग्रेसची शिस्त आहे: डोंगराळ मुलखात साधारण ५ टक्के, नाइलाज असेल तिथे ७ टक्के चढ. ५ टक्के म्हणजे १०० मीटर अंतरात ५ मीटर उंची. असा घाट लांब असतो, पण एक लय सापडली की चढता येतो. किनाऱ्यावरचे बरेच रस्ते सोंडेवरून सरळ वर चढवलेले आहेत. चढ छोटा असतो, पण मधले तुकडे १० टक्क्यांच्या वर जातात, आणि असे चढ दिवसभर येत राहतात. म्हणजे कॅसेट निवडताना दिवसाची एकूण उंची पाहून भागत नाही. सगळ्यांत खडा तुकडा किती टक्क्यांचा आहे आणि तो दिवसाच्या कोणत्या वेळी येणार आहे, हे पाहावं लागतं.

दुसरी गोष्ट हिशेबाची. गिअर म्हणजे साधा भागाकार: पुढचे दाते भागिले मागचे दाते. रोडबाइकचं चाक एका फेरीत सुमारे २.१ मीटर जातं. पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर पायडलच्या एका फेरीत सायकल २.५५ मीटर सरकते. मागे ३२ असेल तर २.२३ मीटर, ३४ असेल तर २.१ मीटर. आकडे जवळजवळचे वाटतात, पण चढावर ते पायांना जाणवतात.

समजा स्वार, सायकल, पाणी आणि सामान मिळून वजन ८५ किलो आहे आणि चढ ८ टक्क्यांचा आहे. मिनिटाला ६० फेऱ्यांची बरी लय राखायची, तर २८च्या दात्यावर ताशी ९ किलोमीटरच्या थोडं वर जावंच लागतं आणि त्यासाठी सुमारे १८५ वॅट लागतात. ३४च्या दात्यावर तीच लय ताशी साडेसात किलोमीटरला मिळते आणि काम सुमारे १५० वॅटमध्ये होतं. नियमित सायकल चालवणाऱ्या, पण शर्यत न खेळणाऱ्या माणसाला १५० वॅट बराच वेळ झेपतात. १८५ वॅटवर त्याला धाप लागते. चढ १२ टक्क्यांचा झाला, तर त्याच १५० वॅटमध्ये वेग ताशी ५ किलोमीटरवर येतो. तेव्हा ३४वर मिनिटाला ४१ फेऱ्या पडतात, २८वर जेमतेम ३४. चौतीस फेऱ्यांवर प्रत्येक फेरी म्हणजे जिना चढल्यासारखी होते. सगळा भार मांडीवर आणि गुडघ्यावर येतो.

याला किनाऱ्याच्या हवेची जोड द्या. ताशी ७-८ किलोमीटरच्या वेगाला अंगावर वारा लागत नाही आणि दमट हवेत घाम वाळत नाही. अशा वेळी तब्येतीने, सावकाश चढण्याची मुभा असावी लागते. मोठा दाता ती मुभा देतो. २८वर सावकाश जायचं ठरवलं, तर लय मोडते आणि स्वार उभा राहून मारू लागतो. पावसाळ्यानंतर डांबरावर जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते. उभं राहिल्यावर मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि नेमक्या त्या खडीवर चाक घसरतं.

आता विरुद्ध बाजूचा मुद्दा. मोठी कॅसेट लावली की दात्यांमधलं अंतर वाढतं, सपाटीवर लय जमत नाही, असं सांगतात. मुद्दा खरा आहे, पण किती खरा, ते दाते मोजून पाहावं. शिमानोच्या ११ स्पीडच्या ११-२८ कॅसेटचे दाते असे: ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५, २८. त्याच कंपनीच्या ११-३४चे दाते: ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४. दोन्ही ओळी शेजारी ठेवून वाचा. १५ ते २५पर्यंत त्या तंतोतंत सारख्या आहेत! चौतीसच्या कॅसेटमध्ये लहान दात्यांपैकी आपण गमावतो ते फक्त १२ आणि १४. पुढच्या ५०च्या चेनरिंगवर १४चा दाता ९०च्या लयीला ताशी ४० किलोमीटर वेग देतो. अलिबाग ते रेवदंडा सपाट रस्ता आहे हे मान्य. पण माडांच्या सावलीतून, बाजारपेठांतून, समोरून येणाऱ्या एसटीला वाट देत तिथे ताशी ४०ने कोण जातं? आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटला, की सगळ्यांचे वेग उतरतात. तेव्हा लागतात ते १७ आणि १९. ते दोन्ही कॅसेटमध्ये आहेतच.

वापरलेली कॅसेट हातात घेतली की स्वार कुठे फिरून आला, ते कळतं. किनाऱ्याची सफर करून आलेल्या सायकलची कॅसेट मी खोलतो, तेव्हा ११चा दाता बहुतेक वेळा कोराच असतो. शेवटचे दोन मोठे दाते मात्र चकचकीत घासलेले, आणि त्यांच्या कडांवर भाराखाली गिअर टाकल्याचे ओरखडे. ५०-११ हा गिअर ९०च्या लयीला ताशी ५१ किलोमीटरच्या वर जातो. किनाऱ्याच्या उतारांवर वळणं, खड्डे आणि गुरं असतात. तिथे हात ब्रेकवर असतात, पाय मारायचे नसतातच. म्हणजे ज्या दात्यासाठी माणसं हट्ट धरतात, तो वापरला जात नाही आणि जो नको म्हणतात, त्याचीच उणीव भासते.

बदल करताना तांत्रिक बाजू नीट पाहावी. शिमानो १०५च्या आर-७००० मालिकेत आखूड पिंजऱ्याचा मागचा डिरेलर ३० दात्यांपर्यंतच चालतो. ३२ किंवा ३४साठी लांब पिंजऱ्याचा घ्यावा लागतो. तो ३९ दात्यांचा फरक सांभाळतो. हिशेब असा: पुढे ५० वजा ३४ म्हणजे १६, मागे ३४ वजा ११ म्हणजे २३, बेरीज ३९. बरोबर काठावर. चेन नव्याने मापून लावावी. जुनी आखूड चेन मोठ्या दात्यावर ताणली गेली, तर डिरेलर आणि हँगर दोन्ही जातात. ११ स्पीडच्या ११-३४ला रोडच्या ११ स्पीड हबवर मागे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर लागतो. तो विसरला, तर लॉकरिंग घट्ट करूनही कॅसेट हलत राहते. जेट्टीवरून, पुळणीवरून आलेली सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, चेनला तेल द्यावं. मीठ सगळ्यांत आधी चेन खातं आणि झिजलेली चेन कॅसेट खाते.

नवी सायकल घेत असाल, तर पुढच्या क्रँकचाही विचार करा. ४६-३०ची क्रँक आणि मागे ३४ असेल, तर एका फेरीत सायकल १.८५ मीटरच सरकते. सामान लादून हरिहरेश्वरपर्यंत जाणाऱ्यासाठी मला ती सर्वांत योग्य वाटते. ११-२८ कुणी ठेवावी? मुंबई-पुणे शर्यतीत "घाटाचा राजा" होण्याची ज्याची तयारी चालू आहे, जो जथ्यात ४०च्या वर धावतो, त्याने जरूर ठेवावी. त्याला १२ आणि १४ खरोखर लागतात.

बाकीच्यांनी प्रतिष्ठेचा विचार मनातून काढावा. टूर दी फ्रान्समध्ये १९३७पर्यंत शर्यतपटूंना डिरेलर वापरायला बंदी होती. चढाच्या पायथ्याशी उतरून, मागचं चाक काढून, उलटं बसवून ते दुसरा दाता वापरत. सोय म्हणजे कमकुवतपणा, असं तेव्हा मानत. आज त्याच शर्यतीत वापरल्या जाणाऱ्या शिमानोच्या सर्वांत वरच्या मालिकेत कंपनी स्वतः ११-३४ची कॅसेट देते.

ठरवण्याची माझी रीत सोपी आहे. घराजवळचा सगळ्यांत खडा चढ निवडा आणि तो सकाळी ताज्या पायांनी नव्हे, राइडच्या शेवटी चढून पाहा. सर्वांत हलक्या गिअरवर बसून, बोलता येईल इतक्या श्वासात, मिनिटाला ६० फेऱ्या पडल्या, तर तुमची कॅसेट बरोबर आहे. ५०च्या खाली आल्या, तर पुढची मोठी घ्या. हा खर्च नव्या चाकांच्या खर्चाच्या मानाने किरकोळ आहे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खोगिरावर बसावंसं वाटणं त्याच्यावरच अवलंबून आहे. रायगडचा किनारा एका दिवसात उरकायचा नसतो. तिसऱ्या दिवशी श्रीवर्धनचा चढही आनंदाने चढता यावा, एवढंच मागणं कॅसेटकडे ठेवावं. आणि ते चौतीस दात्यांत पुरं होतं.