आधी वरचा, मग खालचा

"मेकॅनिकलला आहेस ना? मग गाडी दुरुस्त करता येतच असेल!" हे वाक्य आपल्या ब्रँचमधल्या प्रत्येकाने निदान एकदा तरी ऐकलेलं असतं. आपणही मान डोलावून मोकळे होतो. दिवाळीच्या सुट्टीत मीही तशीच मान डोलावली आणि फसलो.

आमचं घर देवबागला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. बाबांची जुनी जीप आहे. पहाटे रापण ओढून झाली की मासळीचे क्रेट भरायचे आणि तारकर्लीवरून मालवणच्या बाजारात पोचवायचे. घर त्यावरच चालतं. यंदा जीप मागच्या बाजूने घूं-घूं आवाज करायला लागली होती. बाबा म्हणाले, "क्राऊनचा ऑइल बदलूक होया. आता तू इंजिनेर होतलस, मगे गॅरेजवाल्याक पैशे कित्याक देवूचे?"

डिफरन्शिअल! माझा आवडता टॉपिक. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांत सव्वा मीटर अंतर धरा. पूर्ण यू-टर्नमध्ये बाहेरचं चाक जवळजवळ चार मीटर जास्त चालतं, मग वळण लहान असो की मोठं. हा फरक सांभाळतं ते डिफरन्शिअल. १८२७ साली फ्रेंच घड्याळजी ओनेसिफोर पेकरने त्याचं पेटंट घेतलं, हेसुद्धा मी व्हायव्हात सांगितलं होतं. जीपच्या मागच्या ॲक्सलखाली मात्र कधी शिरलो नव्हतो.

मालवणहून दोन लिटर ९० नंबरचं ऑइल आणलं. क्राऊन आणि पिनियनचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासतही जातात. म्हणून या ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं असतात. त्याचा वास दोन दिवस हाताला राहतो, जेवताना कळतं. पाच-सहा किलोमीटर फिरवून ऑइल गरम केलं, जीप सपाट जागी लावली, चाकांना चिरे लावले, झाप अंथरला आणि खाली सरकलो. खालचा ड्रेन प्लग सोडला. (काही गाड्यांना तो नसतो, मागचं झाकणच उघडावं लागतं.)

बाहेर आलं ते ऑइल काळं नव्हतं. दूध घातलेल्या चहासारखं होतं! म्हणजे आत पाणी. विचार केल्यावर कारण सापडलं. वाळूवर जोर लावून हाउसिंग गरम होतं, मग तेच चाक लाटेत जातं. आतली हवा एकदम थंड होऊन आकसते. वरचा ब्रीदर वाळूने बुजलेला, मग ऑइल सीलच्या फटीतून खारं पाणी आत ओढलं जातं. चार्ल्सचा नियम आमच्या अंगणात सिद्ध झाला. मी खूष!

ही खुषी पाच मिनिटं टिकली. ऑइल भरायचा वरचा प्लग खाऱ्या हवेने असा गंजला होता की पाना लावला तर डोकंच गोल व्हायला लागलं. संध्याकाळचे सात वाजलेले. जुनं ऑइल टबात, नवीन डब्यात, मधे कोरडं डिफरन्शिअल आणि पहाटे पाचची खेप. बाबा पडवीत बसून बघत होते, काही बोलत नव्हते. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

शेवटी मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी टॉर्च मारून एकच प्रश्न विचारला, "आधी खयचो बोल्ट सोडलस?"

"खालचा."

"अरे, जेच्यातसून भरूचा, ता उघडता काय ता आधी बघूचा. सांडूक काय, कोणाकय येता."

रॉकेल सोडलं, हातोडीने प्लगभोवती हलके ठोके दिले, थांबले, पुन्हा दिले. मग घट्ट बसणारा पाना लावून त्याला लांब पाइप जोडला. साडेदहाला ‘कट्ट’ झालं. थोडं ऑइल आधी नुसतं धुवायला घातलं आणि काढून टाकलं. मग ब्रीदर साफ करून नरसाळं आणि नळीने भरत गेलो, भोकाच्या खालच्या काठातून थेंब बाहेर यायला लागेपर्यंत. तीच लेव्हल, वेगळी मोजपट्टी नाही. धुण्यात गेलेलं मेस्त्रींनी आपल्याजवळच्या डब्यातून पुरवलं. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून त्यांच्याकडेच दिलं. वाळूत ओतलं असतं तर पंधरा फुटांवर आमची विहीर.

खोटं सांगत नाही, आवाज पूर्ण गेला नाही. खाऱ्या पाण्याने बेअरिंग खाल्लं होतं, ते पुढे बदलावं लागलं. पण पहाटेची खेप चुकली नाही.

व्हायव्हात मला डिफरन्शिअलबद्दल दहा प्रश्न विचारले गेले. पहिला बोल्ट कुठला सोडशील, हे कोणी विचारलं नाही, आणि मलाही तो प्रश्न पडला नाही. आता सबमिशन असो की प्रोजेक्ट, काहीही मोडायला घेण्याआधी मी परत भरायचं भोक उघडतं का ते बघतो.

त्या पहाटे साडेचारला जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मी पांघरुणात तोंड लपवून पडलो होतो. बाबांनी खिडकीवर टकटक केलं, "येतस काय वांगडा?"

हाताला वास तसाच होता. गेलो.