तराजू त्यांच्या हातात, वजन आपल्या पारड्यात

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात माझं आयुष्य गेलं. या वसाहतीच्या नावामागे एक युद्ध आहे, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

1962 ला चीनने हल्ला केला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन, म्हणजे तेव्हाचे उत्तर मुंबईचे खासदार, यांना पायउतार व्हावं लागलं. नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला बोलावलं. त्यांच्या जागी 20 नोव्हेंबर 1962 रोजी मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले आणि जेमतेम वर्षभरानंतर, पदावर असताना वारले. आमच्या बसच्या पाटीवर आजही त्यांचं नाव आहे.

हे आठवायचं कारण, परवा वंदनेनंतर विहारात एका तरुणाने विचारलं, "दादा, रशिया-अमेरिकेचं आपल्याला काय करायचंय? आपले प्रश्न वेगळे आहेत."

मित्रांनो, बाबासाहेबांना तसं वाटत नव्हतं. सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. हिंदू कोड बिल सगळ्यांना आठवतं. पण राजीनाम्याच्या निवेदनात परराष्ट्र धोरण हेही एक कारण दिलं आहे. त्यांचा हिशेब साधा होता: सरकारचा वार्षिक महसूल सुमारे 350 कोटी, त्यातले 180 कोटी लष्करावर. आपल्याला मित्र उरले नाहीत म्हणून हा खर्च करावा लागतो, असं ते म्हणाले. उपाशी माणसाच्या बाजूने बघितलेलं हे परराष्ट्र धोरण आहे.

पुढे एप्रिल 1954 मध्ये भारताने चीनशी तिबेटबाबत करार केला, त्यात पंचशील आलं. 26 ऑगस्ट 1954 रोजी राज्यसभेत बाबासाहेबांनी बजावलं की तिबेटवर चीनचा ताबा मान्य करणं म्हणजे चीनची सीमा आपल्या सीमेला आणून भिडवणं. माओंचा पंचशीलावर खरंच विश्वास असता, तर त्यांनी आपल्याच देशातल्या बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, हेही त्यांनी सुनावलं. आठ वर्षांनी काय झालं, ते आमच्या वसाहतीचं नाव सांगतं.

मग दोन्ही गटांशी संबंध ठेवणं चुकीचंच होतं का? तसं मी म्हणणार नाही. आमच्या शेजारीच पवईची आयआयटी आहे. ती 1958 मध्ये सोव्हिएत मदतीने उभी राहिली; कानपूरच्या आयआयटीला अमेरिकेने मदत केली. दोन्हीकडून घेतलं, देशाचा फायदा झाला. पण आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळालं 1973 मध्ये. म्हणजे पवईतून विक्रोळीपर्यंत यायला त्या फायद्याला पंधरा वर्षं लागली!

आज काय चाललंय? युक्रेन युद्धापूर्वी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा नगण्य होता, नंतर तो एक तृतीयांशाच्या आसपास गेला. स्वस्त तेल आलं, पण मुंबईत पेट्रोल शंभरीखाली आलं नाही. मग याच तेलाचं कारण देऊन अमेरिकेने वाढीव शुल्क लावलं आणि 27 ऑगस्ट 2025 पासून आपल्या अनेक मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर गेलं. चार दिवसांनी पंतप्रधान चीनमध्ये तियानजिनच्या परिषदेत होते. वाहिन्यांवर 'मास्टरस्ट्रोक'ची चर्चा रंगली. त्याच सुमारास आमच्या इमारतीतला एक पोरगा सीप्झमधल्या दागिन्यांच्या कामावरून घरी बसला. "ऑर्डर नाही, बोलावू तेव्हा ये," एवढंच त्याला सांगितलं गेलं. कंत्राटी कामगार, नुकसानभरपाईचा प्रश्नच नाही.

म्हणजे स्वस्त तेलाचा नफा एकाचा, शुल्काचा मार दुसऱ्याला.

अमेरिकेच्या मागे जा किंवा रशियाला सोडा, असं माझं म्हणणं नाही. बाबासाहेबांचा कल लोकशाही देशांकडे होता. पण आजची अमेरिकाही मैत्रीचा हिशेब आयात शुल्कात मांडते. म्हणून त्यांचं उत्तर नव्हे, त्यांचा प्रश्न उचला: या धोरणाची किंमत कोण मोजतंय?

हा प्रश्न विचारायची जागा संसद आहे. पण परदेशांशी करार करायला आपल्याकडे सरकारला संसदेची पूर्वमंजुरी लागत नाही. तेव्हा पुढच्या वेळी मतं मागायला कुणी कन्नमवार नगरात आलं, तर गटार आणि पाण्याबरोबर हेही विचारा. त्या पोराचा पगार बुडाला, तो कुठल्या धोरणात बसतो?

जय भीम!