झुलती कील

वर्धा जिल्ह्यातल्या मास्तराने शिडाच्या होडीविषयी लिहावे, हा आगाऊपणाच! आमच्या वर्धा नदीवरचा डोंगा सपाट तळाचा. उन्हाळ्यातल्या घोटाभर पाण्यात कील हवी कुणाला? मुंबईच्या माझ्या भाच्याची जुनी होडी मात्र उथळातही चालते, खोलातही. तिची लोखंडी कील एका खिळीवर झुलते. किनाऱ्याशी ती वर ओढायची, खोलात खाली सोडायची. मग वारा शिडाला रेटतो तेव्हा होडी आडवी सरकत नाही.

पावसाळा सरल्यावर होडी ठोकळ्यांवर चढवून त्याने खीळ ठोकून काढली. मधोमध झिजलेली, भोकही लांबट झालेले. खाऱ्या पाण्यात दोन जातींचे धातू एकत्र नांदले, की एक दुसऱ्याला खातो. कील उचलणाऱ्या तारेच्या दोरीवरून चिंधी फिरवली, तर तीही दोन ठिकाणी अडकली. म्हणजे तिथले धागे तुटलेले!

"मामा, एवढा एक मोसम निघेल."

मी बैलगाडीच्या मुलखातला. झिजलेला आस वाटेत कसा दगा देतो, ते पाहिलेला.

"अरे, होडीत तुझी लेक बसायची आहे ना?"

तो काही बोलला नाही. दुपारी जुनी खीळ मापाला म्हणून खिशात घालून लेथवाल्याकडे गेला.