रोप पानाला धरायचं

मुलांना बागेची गोडी लावायची तर त्यांच्या हातात बी द्यावं, असं सगळेच सांगतात. शाळेतही तेच चालतं. ओल्या कापसावर मटकी ठेवायची, मोड आले की वहीत चित्र काढायचं. मला हे फारसं पटत नाही. बी पेरल्यावर मुलाला दिसतं काय? माती. दुसऱ्या दिवशीही मातीच. टोमॅटो उगवायला आठवडाभर घेतो, मिरची तर दहा-बारा दिवस हटून बसते, आणि तोवर चार वर्षांच्या माणसाने ती माती उकरून बी जागेवर आहे ना याची खात्री करून घेतलेली असते. मुलांचं खरं काम त्यापुढचं. रोप वीतभर झालं, त्याला चार-पाच खरी पानं आली, की लहान कपातून उचलून मोठ्या कुंडीत बसवायचं. हे काम डोळ्यांना दिसतं, त्यात हात बरबटतात आणि कंटाळा यायच्या आत ते संपतं. शिवाय त्याला बारीक बोटं लागतात, आणि ती आमच्या घरात आता फक्त नातवंडांकडे आहेत.

माझी लावणीशी ओळख भाताची. कोकणात जूनमध्ये पेरलेला तरवा जुलैत उपटायचा, मुळांची माती पाण्यात झटकायची, जुड्या बांधायच्या. चिखल केलेल्या खाचरात बायका वाकून मागे-मागे सरकत लावायच्या, आणि जुड्या पोचवायचं काम आम्हा पोरांकडे. बांधावर उभं राहून जुडी अशी भिरकावायची की ती लावणाऱ्या काकूच्या हाताशी पडली पाहिजे, अंगावर नाही. अंगावर उडाली की शिव्या. आम्हाला निसर्गाच्या जवळ नेण्यासाठी हे चाललंय, असं तिथे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. हात कमी होते आणि पाऊस थांबणार नव्हता, म्हणून आम्ही हवे होतो. मुलाला आपण हवे आहोत हे कळतं, तसंच आपल्याला नुसतं रमवलं जातंय हेही कळतं. त्यामुळे गॅलरीतल्या चार कुंड्या असल्या तरी मी थोरल्याला आणि धाकटीला मदतीला म्हणून बोलावत नाही. रोपं त्यांनीच लावायची. त्यांनी लावली नाहीत तर ती कपातच राहतील.

पुण्यातल्या फ्लॅटची आमची गॅलरी पश्चिमेची. ऊन दुपारी येतं आणि कठड्यावरून तिरकं आत सरकतं. टोमॅटो, वांगी, मिरची यांना रोज पाच-सहा तास तरी थेट ऊन हवं. त्याहून कमी मिळालं तर झाड नुसतं उंच होतं आणि फळाचं नाव घेत नाही. म्हणून कुंडी कुठे ठेवायची हे ठरवण्याआधी एका रविवारी पोरांच्या हातात खडू दिला आणि दर तासाला उन्हाची कड जमिनीवर आखायला लावली. संध्याकाळी फरशीवर रेघांचं जाळं झालं, आणि सगळ्यांत जास्त ऊन खाणारा कोपरा कपडे वाळत घालायच्या स्टँडखाली आहे असं निघालं. स्टँड हलला. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर मुळात गणित शिकवणारे. त्यांच्या प्रयोग परिवारातून शेतकऱ्यांना त्यांनी पिकाचा हिशोब उन्हापासून मांडायला शिकवलं. पीक म्हणजे पानांनी धरलेलं ऊन. पहिलीतल्या मुलालाही हे गणित कळतं, फक्त ते फरशीवर मांडावं लागतं.

कुंड्यांवर पैसे घालवायची गरज नाही. रंगाची वीस लिटरची बादली, तेलाचा पत्र्याचा डबा, जाड ग्रोबॅग, काहीही चालतं. बुडाला भोकं हवीत आणि खोली फूटभर हवी, एवढंच. रोपांसाठी मात्र आम्ही नारळाच्या करवंट्या वापरतो. करवंटीच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो खिळ्याने सहज फुटतो, आणि पाणी निघायची वाट आयती तयार होते. हा मऊ डोळा शोधायचं खातं धाकटीकडे आहे आणि ती ते कुणालाही देत नाही.

भरायला नुसती माती घेऊ नये. ती जड होते, पाणी धरून घट्ट बसते, आणि ओल्या मातीची भरलेली बादली वीस किलोच्या वर जाते; अशा दहा बादल्या ओळीने दिसल्या की सोसायटीच्या कमिटीला झोप येत नाही, आणि त्यात त्यांचं फार चुकतं असंही नाही. आम्ही माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारख्या मापाने घेतो, वर निंबोळी पेंडेची मूठ. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवर भाज्या पिकवताना उसाच्या चिपाडाने पिशव्या भरल्या होत्या. चिपाड हलकं, फुकट, आणि कुजलं की त्याचंच खत. ज्यांच्या कोपऱ्यावर रसवंती आहे त्यांनी हे करून बघावं. मिश्रण कालवायचं काम कोपरापर्यंत हात घालून पोरं करतात. यावर स्वच्छतेचं व्याख्यान द्यायला त्यांची आई आली होती, ती स्वतःच अर्धा तास कालवत बसली.

लावायची वेळ संध्याकाळची. दुपारी लावलेलं रोप रात्र यायच्या आत सुकून आडवं होतं. तासभर आधी करवंट्यांना पाणी द्यायचं, म्हणजे माती मुळांना धरून राहते. मग करवंटी तळव्यावर उपडी करायची, बुडाला टिचक्या मारायच्या, आणि मातीचा गोळा अख्खा हातात घ्यायचा. इथे मी एकच नियम सांगते, आणि दर वेळी सांगते: रोप पानाला धरायचं, खोडाला नाही. पान फाटलं तर दुसरं येतं. कोवळं खोड दोन बोटांत चिरडलं तर रोप संपलं. मोठ्या माणसांचा हात आपसूक खोडाकडे जातो. पोरांना एकदा सांगितलं की पुरतं.

खोलीचा हिशोब मात्र प्रत्येकाचा वेगळा. वांगी आणि मिरची करवंटीत जेवढी मातीत होती तेवढीच कुंडीत बसवायची. टोमॅटोची खालची पानं खुडून तो थेट वरच्या पानांपर्यंत पुरायचा, कारण त्याच्या खोडाला जिथे ओली माती लागते तिथे मुळं फुटतात. थोरल्याला हा उघड पक्षपात वाटला. “आजी, टोमॅटोचेच लाड का?” मग त्याला सांगावं लागलं की ही सगळी एकाच कुळातली भावंडं आहेत, बटाटासुद्धा त्यांच्यातलाच. त्यातलं वांगं तेवढं आपल्याकडचं. टोमॅटो, मिरची, बटाटा हे अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या काळात समुद्रावरून आलेले. मिरचीशिवाय इथे लोक तिखट कशाने खायचे, या प्रश्नावर मिऱ्यांची बरणी काढून दाखवावी लागली आणि लावणी पंधरा मिनिटं थांबली. एकाच कुळातले असल्याने त्यांचे रोगही एकच, म्हणून वांग्याच्या जुन्या मातीत लगेच टोमॅटो लावायचा नाही, हे मात्र त्याने लक्षात ठेवलं. बादल्यांवर मार्करने कुळाची नावं लिहिली आहेत.

काही भाज्या हलवायच्याच नसतात. मुळा आणि गाजर जिथे पेरलं तिथेच वाढू द्यावं, कारण सोटमुळाचं टोक दुखावलं की गाजराला दोन-दोन पाय फुटतात. हे ऐकल्याबरोबर धाकटीने गाजर हलवायचा हट्ट धरला. तिला पायवालं गाजरच हवं होतं. भेंडी, गवार, मेथी, कोथिंबीर यांचंही बी थेट कुंडीत टाकावं.

सगळ्यांत कठीण प्रसंग लावणीचा नसतोच, तो त्याआधीचा. एका करवंटीत दोन-तीन बिया पडतात, दोन-तीन रोपं येतात आणि ठेवायचं एकच. जोमाचं ठेवून बाकीची कात्रीने मातीलगत कापावीत, उपटू नयेत, म्हणजे राहणाऱ्याची मुळं हलत नाहीत. पुस्तकी सल्ला बरोबर आहे आणि मुलांपुढे तो टिकत नाही. “हे पण जिवंतच आहे ना?” याला मी काय सांगणार? मी कात्री त्यांच्या हाती देत नाही आणि त्यांच्यासमोर चालवतही नाही. टोमॅटोची जोडरोपं पाण्यात भिजवून हलक्या हाताने वेगळी करता येतात, टोमॅटो तेवढं सोसतो. जास्तीची रोपं पोरं बिल्डिंगभर वाटत सुटतात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नको असताना दोन घेतली. वॉचमनकाकांनी मागून चार घेतली आणि पंपाच्या खोलीमागे लावली. त्यांची आमच्यापेक्षा चांगली आली, कारण तिथे जमीन आहे.

रोप बसवलं, भोवतीची माती बोटांनी अलगद दाबली, पाणी दिलं, वर्तमानपत्राची टोपी करून उन्हाच्या बाजूने आडोसा केला. आता खरी परीक्षा. दुसऱ्या दिवशी दुपारी रोप मान टाकतं. या ठिकाणी सासरी आलेल्या मुलीची उपमा द्यायचा मोह मराठीत सगळ्यांनाच होतो; मी ती देत नाही, कारण टोमॅटोला माहेर नसतं. कारण साधं आहे. पाणी शोषतात ती मुळांवरची केसांसारखी बारीक लव. कितीही जपलं तरी उचलताना तिच्यातली बरीच तुटते. पानांतून मात्र पाणी उडत राहतं. मुळांना नवी लव फुटेपर्यंत जमा कमी, खर्च जास्त. दोन-चार दिवसांत हिशोब जुळतो आणि पानं उभी राहतात.

या दिवसांत पोरांना धीर नसतो, हे सगळे म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. पोरं एकदा हळहळतात, टोपी नीट करतात आणि खेळायला पळतात. धीर नसतो तो त्यांच्या आईबापांना. रोप मलूल दिसलं की हे पाणी ओततात, तासाने पुन्हा ओततात, मुळं हवेवाचून गुदमरतात आणि रोप मरतं. नाहीतर मुलाने वाकडं लावलेलं रोप रात्री तो झोपल्यावर हळूच काढून सरळ लावतात, म्हणजे नवी फुटू पाहणारी लव पुन्हा तुटते. पोराच्या मनाला काय वाटेल ते बाजूला ठेवा, रोपासाठीसुद्धा हे वाईट. आणि ते लपत तर अजिबात नाही. आपण कुठल्या पानाला धरलं होतं हे मुलाला पक्कं ठाऊक असतं. वाकडा टोमॅटो वाकडाच वाढतो, मग त्याला काठी लावायची. काठीला बांधायला जुन्या साडीची चिंधी पुरते.

सगळी रोपं जगत नाहीत. मिरचीवर बोकड्या येतो, पानं चुरगळतात. वांग्यावर पिठ्या ढेकूण बसतो, तो साबणाच्या पाण्याने पुसावा लागतो. तरी रोप बसल्यापासून दोन-अडीच महिन्यांत टोमॅटो लाल होतात. सगळे मिळून एका वेळच्या कोशिंबिरीपुरते झाले तर खूप झाले. बाजारात ते याहून स्वस्त मिळतात, हे आमच्या घरातला हिशेबी माणूस दर वर्षी सांगतो आणि कोशिंबीर दोनदा वाढून घेतो.

गणपती गेले, पावसाचा जोर ओसरला, की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ही रोपं लावायला हवा चांगली असते. बी रुजवायला वेळ नसेल तर रोपवाटिकेत जा. तिथे 98 कप्प्यांच्या ट्रेमधून सुटी रोपं मिळतात. टोमॅटोची तीन, मिरचीची दोन, वांग्याचं एक, एवढी पुरे. नियम एकदाच सांगा, मुलांना लावू द्या, आणि ती लावत असतील तेव्हा तुम्ही चहा टाकायला आत जा. पुढचे तीन दिवस बोट मातीत खुपसून ओल बघायची आणि कोरडी लागली तरच पाणी द्यायचं. त्यापलीकडे कुंडीला हात लावू नका.