हुर्राकच्या दिवसांत

एप्रिल चढू लागला की गोव्यातल्या सत्तरीच्या डोंगरांवरून उतरणारा वारा आधी काजूच्या पिकल्या बोंडूंचा वास आणायचा, मग कातळातल्या कुंडीत पायांनी तुडवलेल्या बोंडूंचा, मग मडक्यात आंबत चाललेल्या रसाचा, आणि सांजावताना भट्टीच्या धुराला बिलगून आलेला तो तिखटगोड, थोडा चिडका वास, परसातल्या चादरींत, आंब्याच्या साठांत, झोपलेल्या पोरांच्या केसांतही मुरून बसणारा.

हुर्राक उतरला.

काय प्यायचं, हा प्रश्नच तेव्हा कुणाला पडत नसे. ऋतूच उत्तर देऊन टाकी. पहिल्या उकळीतून निघणारा, जेमतेम पंधरा टक्क्यांचा कोवळा हुर्राक उन्हाळ्यापुरता. पुन्हा भट्टीवर चढून बेचाळीसच्या घरात पोचलेली फेणी मात्र पोटफुगऱ्या काचेच्या गर्राफांवात बसून पुढचा पावसाळा बघणारी. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेलं हे काजूचं झाड इथल्या तांबड्या मातीत इतकं रुजलं, की त्याचं परकेपण मे महिन्याच्या त्या वासात कुणाला कधी जाणवलंच नाही. तावेर्नात, गावच्या गुत्त्यात, बाकावर बसलेले पुरुष, समोर भरलेला कोप, जिभेवर लोणच्याची फोड, बोलणं कमी. न पिणाऱ्याला कारण द्यावं लागे: माळ घातलीय, सोमवार धरलाय, नाहीतर वैद्याने मना केलंय. नुसतं ‘नको’ कुणी ऐकून घेत नसे.

बायकांच्या वाट्याला वखद, म्हणजे औषध.

आजीच्या फडताळात, हिंगाच्या डबीमागे, फेणीची बाटली असायची. सर्दी झाली, पोट धरलं, की एक चमचा. आजी डोळे घट्ट मिटून, सगळा चेहरा आक्रसून तो गिळायची. इतकं तोंड वाकडं करायची की आम्हाला तिची दया यावी. मग चमचा चाटूनपुसून ठेवायची. तिची सर्दी उन्हाळ्यातही बरी होत नसे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

परवा भाची आली, पणजीहून, मित्रमैत्रिणींना घेऊन. वाळपईजवळच्या एका तावेर्नाच्या अंगणात आम्ही बसलो. तिने हुर्राक मागवला, त्यात लिम्का, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. ग्लास उन्हात धरला, तर मिरचीची हिरवी सावली तिच्या मनगटावर हलली. सगळ्यांनी आधी फोटो काढले. आमची पिढी नाकाने प्यायची, ही डोळ्यांनी पिते. एकीला जिन हवी होती. 2017 पासून गोव्यात जिनची जी लाट आली, तिने या पोरांच्या जिभेला जुनिपर, गवती चहा आणि संत्र्याच्या सालीची ओळख करून दिली. शेजारच्या उंच मुलाने कोकम सोडा मागवला.

आणि कुणीही त्याला कारण विचारलं नाही.

मला त्या न विचारण्याचा हेवा वाटला. किती सोमवार, किती माळा, किती खोट्या शपथा वाचल्या असत्या!

फेणी मात्र कुणीच मागितली नाही. “वास येतो गं, मावशी.” 2009 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 साली राज्याने तिला वारसा पेय म्हटलं, निवृत्त मास्तरांना शाल-श्रीफळ द्यावं, तसं. आता देखण्या बाटल्यांतून, कॉकटेलच्या आडोशाने ती पुन्हा या पोरांच्या ओळखीत येऊ बघते आहे. येवो बापडी. पण ज्या वासाने गावाला ऋतू कळायचा, तोच वास लपवून.

भाचीने अर्धा ग्लास तसाच बाजूला सारला. “बस्स झालं.” ना ओशाळणं, ना शौर्य. ग्लासाच्या तळाशी पोचल्याशिवाय उठू नये, हे तिला कुणी शिकवलेलंच नाही. आणि चोरून चाटायला चमचाही कुणी हातात दिलेला नाही. मिरची तेवढी तिने बोटांनी काढून कचकन चावली.

मग मला म्हणाली, “तुला काय सांगू?”

“फेणी,” मी म्हटलं.

तावेर्नवाल्याने माझ्या पिकल्या केसांकडे पाहिलं, आवाज मऊ केला. “वखदाक?”

“न्हय,” म्हटलं, आणि कोप भरून मागितला.