आक्कांचं गाडगं

घाटकोपरच्या भटवाडीत आमच्या खोलीला लागून आक्कांची खोली होती. त्या माण तालुक्यातल्या. १९७२ च्या दुष्काळानंतर मुंबईत आल्या त्या डोक्यावर बोचकं आणि काखेत एक गाडगं घेऊन. गाडग्यात राखेत घोळलेलं बियाणं होतं: हुलगा, मटकी आणि घरचा घेवडा. आक्का आता नाहीत. त्यांचं देणं माझ्याकडे अजून आहे, म्हणून हे लिहिते आहे.

त्या साली दुष्काळी कामावर खडी फोडायची, मुलांना सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. आक्कांच्या घरात लेकरं भुकेली होती आणि आढ्याला टांगलेल्या गाडग्यात चांगलं कडधान्य होतं. ते शिजवलं असतं तर काही दिवस निघाले असते. पण सासूबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. "आज पोट भरंल, पर पाऊस आल्यावर रानात काय टाकशीला?" हे सांगताना आक्कांच्या डोळ्यांत दरवेळी पाणी यायचं. सासूचा राग होता की कौतुक, ते मला लहानपणी कळत नसे. आता वाटतं, दोन्ही होतं. माझ्या ताटात जी मटकीची उसळ आली, ती त्या भुकेल्या लेकरांच्या तोंडची राखून ठेवलेली होती.

मुंबईला कसला आलाय दुष्काळ, असं आपण म्हणतो. पण ऑक्टोबर सरला की जूनपर्यंत इथे पाऊस जवळजवळ नसतोच, आणि आमच्या टेकडीवर नळ जेमतेम घटकाभर यायचा. आक्कांनी त्यातच पिकवलं. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला तळाशी भोकं, त्यावर नारळाच्या शेंड्या, मग माती, वर वाळका पाला. पाणी म्हणजे तांदूळ-डाळ धुतलेलं. तेही रोपाने मागितल्याशिवाय द्यायचं नाही. दुपारी पान मलूल झालं तर त्या लक्षच देत नसत. उन्हात ते होणारच. सकाळी उठल्यावरही पान मलूलच दिसलं तरच तांब्या उचलायच्या. हुलगा त्या पाऊस सरता सरता पेरत, कारण उरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर तो तग धरतो. मटकी जमिनीलगत पसरते, स्वतःच्या पानांनी माती झाकते आणि ओल उडू देत नाही. घेवडा पत्र्यावर चढवायचा, म्हणजे खोलीही थोडी गार राहायची.

वेलाला पहिल्या भरदार शेंगा लागल्या की आक्का त्यांना चिंधी बांधत. त्या तोडायच्या नाहीत, वेलावरच वाळू द्यायच्या. "आधी बियाचं, मग खायाचं." आम्ही पोरं नेमक्या त्याच शेंगांवर टपलेली असायचो. हा क्रम त्यांनी मला शिकवला. शाळेतलं बरंच विसरले, हा राहिला. कडधान्यांची फुलं बहुतेक स्वतःच्याच परागानं फळतात, म्हणून डब्यातसुद्धा वाण शुद्ध राहतं, हे शास्त्र मी खूप नंतर वाचलं. भोपळ्याचं तसं नसतं, शेजारच्या वेलाशी त्याचा संकर होतो. आक्कांच्या गाडग्यात भोपळ्याचं बी का नव्हतं, त्याचं कारण कदाचित हेच असेल.

पुढे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं काम सगळ्यांना कळलं. २०१८ साली बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मातीच्या घरात, मडक्यांत त्यांनी वालाची, घेवड्याची, भाताची कितीतरी गावरान वाणं सांभाळली. बायफ या संस्थेची साथ मिळाली आणि त्यातून बियाण्यांची बँक उभी राहिली. बी न्यायचं आणि पीक आल्यावर दुप्पट आणून द्यायचं, ही तिथली रीत. ती कळल्यावर मला आक्काच आठवल्या. वाटीभर घेवडा दिला की त्याही पुढच्या वर्षी दोन वाट्या मागत, आणि त्यातली एक लगेच तिसऱ्या घरी पोचवत. बाईमाणसांच्या या व्यवहाराला कुणी कागद केला नव्हता. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने मात्र शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, एवढंच काय विकण्याचाही हक्क मान्य केला. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

आता मी मुलुंडला राहते. इमारतीच्या गच्चीवर आम्ही काही बायका डब्यांत हीच पिकं घेतो. एक वही ठेवली आहे: कुणी काय नेलं, कुणी दुप्पट परत आणलं. घेवडा बऱ्याच घरांत पोचलाय, एक वाटी तर बोरिवलीलाही गेली. हुलगाही बरा आहे. मटकी मात्र सध्या माझ्या एकटीकडेच उरली आहे आणि एका घरात वाण राहणं धोक्याचं असतं. कीड लागली किंवा बी रुजलंच नाही, तर संपलं. या पावसात ती निदान चार घरांत द्यायची आहे. ज्यांना गच्ची नाही पण खिडकीत ऊन येतं, त्यांनीही मागावी.